रोजची वाट आणि डोंगरी सायकल

ठाण्याला वर्तकनगरात मी राहतो. आमच्या घराच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. रविवारी पहाटे चहा घेऊन त्या खिडकीशी बसलो, की पोखरण रस्त्याने उपवन तलावाकडे जाणाऱ्या सायकलींची रांग दिसू लागते. जाड टायर, आडवे सरळ हँडल, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा, मागे चकत्यांची चळत. येऊरचा चढ चढायचा, घटकाभर थांबायचे, आणि ऊन चढण्याच्या आत परत फिरायचे, असा त्यांचा क्रम. त्याच रस्त्याने त्याच वेळी आणखी एक सायकल जाते. काळी, उंच, मागे कॅरिअरला पावाची पेटी बांधलेली. तिच्यावरचा माणूस डोंगराकडे मान वर करून बघतसुद्धा नाही. सातच्या आत त्याला घरोघर पाव पोचवायचे असतात.

गेल्या जूनमध्ये शेजारचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, पोरगा आठवीत गेला. डोंगरी सायकलच पाहिजे म्हणून हटून बसलाय. दुकानात तर वीस तऱ्हा आहेत. कुठली घेऊ, सांगा.” मी त्यांना बसवून घेतले आणि बोलू लागलो, पण बोलता बोलता ध्यानात आले, की ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे, तर थोडे इतिहासात शिरावे लागेल. त्या दिवशी त्यांना जे सांगितले, तेच आज आपल्याला सांगणार आहे.

सायकलची पहिली आवृत्ती 1817 सालची. जर्मनीत मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन लाकडी चाके एका पट्टीला जोडली. तिला पायडल नव्हते. माणसाने वर बसायचे आणि पायांनी जमीन ढकलीत पळायचे. पुढे 1860 नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. पण चाकांना लोखंडी धाव, रस्ते दगडी. त्यामुळे इंग्रज लोक तिला हाडे खिळखिळी करणारे यंत्र म्हणू लागले. मग पुढचे चाक पुरुषभर उंच झाले, आणि तोल गेला की माणूस डोक्यावर पडू लागला. 1885 साली इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन्ही चाके जवळजवळ सारखी केली आणि साखळीने मागचे चाक फिरवले. तीन वर्षांनी, 1888 साली, बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन डनलॉप ह्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. झाली आजची सायकल तयार! त्यानंतर तिचा सांगाडा फारसा बदलला नाही. बदलत गेली ती तिची वाट, आणि वाटेप्रमाणे तिचा वेश.

मौज अशी, की ज्या 1888 साली डनलॉपसाहेबांनी रबरी नळीत हवा भरली, त्याच सालापासून आपल्याकडच्या एका मराठी घराण्याच्या उद्योगाचा आरंभ मोजतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईला होते. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिकवीत. त्यांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा व्यवहार सुरू झाला. सायकल तेव्हा श्रीमंतांची वस्तू. विकत घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवावे लागे. विकली की दुरुस्ती आली, दुरुस्ती आली की हत्यारे आली. त्या सायकलीच्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर निघाला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. शिक्षक बंधूंनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ज्या गावात सायकल दुरुस्त होते, त्या गावाच्या हाताला यंत्र परके राहत नाही.

सुरुवातीच्या सायकली विलायतेहून येत. त्यांतली जी आपल्याकडे रुजली, ती काळी, उंच, 28 इंची चाकांची. ती का रुजली, हे बघण्यासारखे आहे. चाक मोठे, म्हणून खड्ड्यावरून सहज जाते. पुढचा चिमटा तिरका आणि थोडा वाकलेला, म्हणून धक्का हातापर्यंत येईतो थोडा मरतो. सीटखाली जाड स्प्रिंग. चाकांवर मडगार्ड, साखळीवर कव्हर; त्यामुळे धोतर वा लुगडे अडकत नाही आणि चिखल अंगावर उडत नाही. मागे भक्कम कॅरिअर, त्यावर गवताचा भारा बांधा, दुधाच्या किटल्या अडकवा, नाहीतर बायकोला बसवा. आणि मुख्य म्हणजे तिचा प्रत्येक भाग पाना-हातोड्याने खोलता येतो. वजन मात्र पुष्कळ, चांगले वीस किलोंच्या घरात. ही सायकल सडकेची म्हणून ओळखली गेली. पण आपल्या देशात सडक ती काय होती! तेव्हा खरे म्हणजे हीच आपली पहिली डोंगरी सायकल.

अशा साध्या सायकलींवर माणसांनी काय केले, ते ऐका. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगाच्या फेरीला निघाले. त्यांतल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तुम भुमगरा ह्यांनी, ती फेरी पूर्ण केली. 18 मार्च 1928 रोजी ते मुंबईला परत पोचले. सुमारे 71,000 किलोमीटर वाट त्यांनी पायांनी तुडवली. वाळवंटे लागली, बर्फाचे घाट लागले, चिखल तर विचारूच नका. आजच्यासारखे स्प्रिंगांचे चिमटे तेव्हा नव्हतेच. त्यांची भिस्त होती ती साध्या यंत्रावर आणि ते वाटेत दुरुस्त करण्याच्या आपल्या हातांवर.

स्वातंत्र्याच्या आधीच मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत मद्रासजवळ अंबत्तूर, बंगालमध्ये आसनसोल, उत्तरेत सोनपत आणि लुधियाना अशी कारखान्यांची माळ लागली. सायकल देशी झाली आणि स्वस्त झाली. मग ती गिरणीच्या दारात दिसू लागली, शाळेच्या दारात दिसू लागली. पुण्याला तर सायकलींचे शहर म्हणत. आमच्या ठाण्यातही लोकरीच्या गिरणीची पाळी सुटली, की रस्ता सायकलींनी भरून जाई, असे जुनी माणसे सांगतात. आता त्या गिरणीच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. तेव्हा पुष्कळ गावांच्या नगरपालिका सायकलवर कर घेत, आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा छोटा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला, की पोलिस अडवी. घरातली मुले त्याच उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून, वाकडीतिकडी होऊन, गुडघे फोडून घेत शिकली. आपल्यापैकी कितीजणांच्या गुडघ्यावर ती खूण अजून असेल!

आता ही नवी डोंगरी सायकल आली कोठून? ती आली अमेरिकेतून. पण तिचीही आई एक जुनी, जड, रोजच्या कामाची सायकलच होती. 1933 साली अमेरिकेतल्या श्विन नावाच्या कंपनीने दोन इंचांहून जाड, फुगीर टायरची सायकल बाजारात आणली. वर्तमानपत्रे टाकणारी पोरे ती वापरीत. चाळीस वर्षांनी, 1970 नंतर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात काही हौशी तरुणांनी भंगारातून ह्या जुन्या सायकली उचलल्या. पायवाटांनी डोंगरावर चढवून न्यायच्या आणि वरून खाली सोडायच्या, हा त्यांचा खेळ. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी एका उतरणीवर रीतसर शर्यत लावली. सव्वातीन किलोमीटरच्या आसपास वाट आणि उतार सुमारे 400 मीटरचा. पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होई. खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरण्याला इंग्रजीत ‘रिपॅक’ म्हणतात. तेच त्या उतरणीचे नाव पडले.

जुने सांगाडे मोडू लागले, तेव्हा त्यांच्यातल्या जो ब्रीझ ह्याने 1977 साली खास डोंगरासाठी नवा सांगाडा बांधला. 1979 साली गॅरी फिशर आणि चार्ली केली ह्यांनी टॉम रिची ह्याच्या हातचे सांगाडे घेऊन धंदा मांडला आणि त्याला ‘माउंटनबाइक्स’ हेच नाव दिले. 1981 पासून अशा सायकली कारखान्यात घाऊक बनू लागल्या. पुढच्या चिमट्यातले शॉकअब 1989 च्या सुमारास विक्रीला आले, आणि 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलची शर्यत झाली. वीस वर्षांत भंगारातली सायकल ऑलिंपिकला पोचली, म्हणायची!

आपल्याकडे ही सायकल 1990 नंतरच्या दशकात घरोघर पोचली. पण येताना एक गोष्ट वाटेत गळाली. तिकडे प्रत्येक नवा भाग एखाद्या अडचणीवरचा तोडगा म्हणून आला होता. ब्रेक तापला, म्हणून नवा ब्रेक. चढ चढवेना, म्हणून गिअर. हात दुखले, म्हणून स्प्रिंग. इकडे अडचण आली नाही, नुसता तोडगा आला. पोरांना तो शोभेचा वाटला आणि दुकानदाराला विक्रीचा.

ह्याचा अनुभव मला शाळेत आला. मुरबाडकडच्या एका गावात मी काही वर्षे शिकवीत होतो. आमची एक विद्यार्थिनी पाड्यावरून रोज सहा किलोमीटर चालत येई. शहरातल्या एका दयाळू गृहस्थांनी तिला नवी कोरी गिअरची डोंगरी सायकल दिली. पोरीचा आनंद काय सांगावा! दिवाळीपर्यंत सगळे ठीक चालले. मग एक दिवस सायकल आडवी पडली आणि मागचा गिअर बदलणारा चिमटा वाकला. साखळी घसरू लागली, आऱ्यांत अडकू लागली. गावच्या मिस्त्रीने असले काम कधी पाहिले नव्हते. तालुक्याला न्यायची, तर एक दिवस मोडणार, आणि वडिलांची मजुरी बुडणार. सायकल पडवीत उभी राहिली. पोरगी पुन्हा चालू लागली, आणि चालण्याची सवय मोडलेली, म्हणून आठवड्यातून दोन दिवस येईनाशी झाली. दहावीचे वर्ष होते ते.

शेवटी तो मिस्त्रीच आपण होऊन म्हणाला, “मास्तर, हे गिअरचं लफडं काढून टाकू का?” त्याने वाकलेला चिमटा काढला, साखळीच्या काही कड्या तोडल्या, एकाच चकतीवर ती बसवली, आणि मागचे चाक खाचेत मागे ओढून ताण दिला. जुन्या सायकलचे मडगार्ड तारेने बांधले. एकवीस गिअरांची सायकल एका गिअरची झाली आणि पोरगी शाळेत आली. पास झाली ती. त्या दिवसापासून सायकल निवडताना मी आधी विचारतो, “मिस्त्री किती लांब आहे?”

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. डोंगरी सायकलचे मोटामोटी तीन प्रकार. एक, जिच्यात स्प्रिंग कोठेच नाही. दुसरा, जिच्या फक्त पुढच्या चिमट्यात स्प्रिंग आहे. तिसरा, जिच्यात पुढे आणि मागे दोन्हीकडे आहे. ह्याखेरीज एक चौथी, सडकेची आणि डोंगराची मिळून केलेली, बारीक टायरांची मिश्र सायकल असते. दुकानात सर्वांत रुबाबदार दिसते ती तिसरी, आणि मुलाचा हात जातो तोही तिच्यावरच. पण स्वस्तातल्या अशा सायकलीत मागची स्प्रिंग पायाचा जोर खाते. तुम्ही पायडल दाबता, ते चाकाकडे जायचे सोडून सायकल वरखाली डुलत राहते. वजनही वाढते, आणि सांधे सैल झाले की कुरकुर सुरू. रोजच्या वाटेला ही घेऊ नये. सरळ चिमट्याची उत्तम. रस्ता फारच खडबडीत असेल, तर पुढची स्प्रिंग असलेली चालेल.

गिअरचे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. काळ्या सायकलला पुढे 44 दाते आणि मागे 18 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक 44 भागिले 18, म्हणजे सुमारे 2.44 फेरे फिरते. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर धरला, तर एका फेऱ्यात आपण साधारण साडेपाच मीटर पुढे जातो. सपाटीला हे छान. येऊरसारख्या चढाला मात्र मांड्या भरून येतात. गिअरच्या सायकलीत पुढे 28 आणि मागे 28 दाते घेतले, की एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. म्हणजे दोन मीटरच वाट, पण चढ हसत चढतो. तेव्हा ज्याच्या रोजच्या वाटेवर खरा चढ आहे, त्याने गिअर घ्यावेत. पोखरण रस्त्याने शाळेत जायचे आणि यायचे, त्याला ते ओझेच.

टायरविषयी एक फसगत सांगून ठेवतो. डोंगरी टायरवरचे उंच गाठोळे चिखलात पकड घेतात, पण डांबरावर तेच घुरघुरत पाय ओढतात. रोज डांबरावरच जायचे असेल, तर त्याच रिमवर बसणारे, मधून गुळगुळीत असे टायर लावून घ्यावेत. तीच सायकल हलकी लागू लागते. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांच्या मर्यादेत भरावी. आणि हो, नवे टायर आणताना अपूर्णांक आणि दशांश ह्यांत गल्लत करू नका! मुलींच्या जुन्या सायकलचे टायर 26 गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच असते, आणि डोंगरी सायकलचे 26 गुणिले 1.95. दोन्ही सव्वीसच, पण पहिल्याची रिम 590 मिलिमीटरची आणि दुसऱ्याची 559 मिलिमीटरची. एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. घेण्यापूर्वी आपल्या बाजारात त्या मापाची ट्यूब मिळते का, हे विचारून यावे.

कोकणपट्टीत चार महिने पाऊस. चकचकीत लोखंडी रिमवर पाणी पडले, की ब्रेकचे रबर सरकत राहते. मी स्वतः एकदा श्रावणात येऊरच्या उतारावर जुन्या सायकलवरून असा घसरलो, की गटाराने धरले म्हणून वाचलो. ॲल्युमिनियमची रिम किंवा चकतीचा ब्रेक पावसात अधिक विश्वासाचा. चकतीचा ब्रेक घ्यायचा, तर तारेवर चालणारा घ्यावा; तो गावच्या मिस्त्रीलाही समजतो. डोंगरी सायकल पुष्कळदा मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि घंटीवाचून येते. ती ह्या चारही गोष्टींसह घ्यावी. नाहीतर पहिल्या पावसात गणवेशाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो आणि दप्तराचा भार पाठीला राहतो.

माप माणसाचे घ्यावे, वयाचे नाही. नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहिले, तर नळी आणि अंग ह्यांत दोन बोटांपेक्षा अधिक अंतर असावे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली, तर पाय सरळ व्हावा. “पुढे वाढेल” म्हणून मोठी सायकल घेतली, की पोर आज पडते.

आणि सायकल बायकांची की पुरुषांची, ह्या वादात पडू नये. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बाया सायकल शिकल्या. बायकांच्या सायकली अपुऱ्या पडल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. आणि काहीजणींना तर त्याच बऱ्या वाटल्या, कारण नळीवर मूल बसवता येते! बिहारने 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या आहेत. शिक्षक बंधुभगिनींनी एवढे करावे: सायकल आली, की वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावच्या मिस्त्रीला शाळेत बोलवावे. त्याने मुलामुलींसमोर एक चाक खोलावे, पंक्चर काढावे, चाकाचा आउट काढून दाखवावा. तो विज्ञानाचाच तास होईल.

आमच्या शेजाऱ्यांनी काय केले, ते सांगतो आणि थांबतो. बाप-लेक दोघे दुकानात गेले. आले ते सरळ चिमट्याची, सात गिअरांची, मडगार्ड आणि कॅरिअर लावलेली सायकल घेऊन. पोरगा दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी तो कॅरिअरवर धाकट्या बहिणीला बसवून शाळेत गेला, आणि पहिल्या रविवारी पहाटे त्या रांगेत सामील होऊन येऊरही चढून आला. परतताना तो पाववाला त्याला वाटेत भेटला. दोघेही काही वेळ बरोबरीने सायकल मारीत आले, हे मी खिडकीतून पाहिले.